कॉलेज रेडिओ: पहिल्या वर्षाच्या कामाच्या नोंदी

आपल्या कॉलेजात विद्यार्थ्यांचा रेडिओ सुरू करू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी आहेत. केंद्राची जबाबदारी शिक्षिका म्हणून माझ्याकडे आहे, पण चालवतात मुलंच. माझी वही आणि मुलांची ड्युटीची नोंदवही शेजारी ठेवून हे लिहिलं आहे. जे सुरळीत झालं ते थोडक्यात, जे अडलं ते सविस्तर.

१ जुलै

खोली मिळाली. प्रयोगशाळेला लागून असलेली, आजवर मोडकं सामान ठेवायची. एक खिडकी, तिन्ही बाजूंना उघड्या भिंती.

एफएम करायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. परवाना, टॉवर, ट्रान्समीटर आणि ते सांभाळणारा माणूस, एवढं सगळं उभं राहीपर्यंत आजची मुलं पदवी घेऊन गेलेली असतील. म्हणून इंटरनेटवरून प्रसारण करायचं. मुलं हिरमुसली. "मग हा रेडिओ कसला, मॅडम?" असं एकीने विचारलंच. तिला ब्राउन विद्यापीठाची गोष्ट सांगितली. १९३६ साली तिथल्या जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोन विद्यार्थ्यांनी वसतिगृहांच्या इमारतींमधून तारा ओढल्या आणि खोल्याखोल्यांतून ऐकू येईल असं केंद्र सुरू केलं. त्यांच्याकडेही टॉवर नव्हता. पुढे १९४० मध्ये याच दोघांनी कॉलेज केंद्रांची संघटना उभी केली. आवाज तारेतून जातोय की हवेतून याने काही बिघडत नाही. ठरलेल्या वेळी कोणीतरी बोलणार आणि दुसरीकडे कोणीतरी ऐकणार, हे पक्कं असलं म्हणजे तो रेडिओ.

६ जुलै

नावनोंदणी झाली. अपेक्षेप्रमाणे जवळजवळ सगळ्यांना माइकसमोर बसायचं आहे. मिक्सरसाठी (कोणता आवाज किती जाईल ते ठरवणारं यंत्र) मोजकी नावं आली, संपादनासाठी त्याहून कमी आणि नोंदवही ठेवायला एकही नाही.

नियम केला की पहिलं सत्र संपेपर्यंत कोणाचीही जागा कायम नाही. प्रत्येक तुकडीत चार कामं: निवेदन, मिक्सर, संपादन, नोंदवही. दर आठवड्याला काम बदलायचं. चांगल्या आवाजाची दोन मुलं यावर नाराज झाली, एकाने तर नाव परत घेतलं. तरीही नियम सोडला नाही. छान बोलणाऱ्याला रोज माइक दिला तर केंद्र लवकर गोड वाजू लागेल हे कबूल, पण मग ते एका मुलाचं केंद्र होईल आणि बाकीचे त्याचे मदतनीस. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी हा नियम पहिल्याच दिवशी करावा. नंतर कोणाच्या हातातून माइक काढून घेणं फार अवघड जातं.

११ जुलै

पहिलं ध्वनिमुद्रण ऐकलं. बोलणं कमी आणि खोली जास्त ऐकू येत होती. पंखा, बाहेरची पावलं, शेजारच्या प्रयोगशाळेत स्टूल सरकवल्याचा आवाज, सगळं स्वच्छ आलं होतं.

हातातल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त एका महागड्या कंडेन्सर माइकवर गेले होते. तो माइक उत्तमच आहे, पण शांत, अस्तर लावलेल्या खोलीसाठी. आमच्या खोलीत तो नको ते सगळं उचलतो. सभागृहात भाषणांसाठी वापरतात तो साधा डायनॅमिक माइक आणला, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित तिरका ठेवला. खोलीचा निम्मा त्रास तिथेच मिटला. तिरका अशासाठी, की 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून निघणारा झोत थेट जाळीवर आदळत नाही.

भिंतींवर जाड रजया टांगल्या. खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवायची आणि मागे उरणारा निनाद ऐकायचा, ही तपासणी मुलांना मनापासून आवडली. रजई इकडून तिकडे हलवायची, पुन्हा टाळी. निनाद सर्वांत कमी झाला तो निवेदकाच्या पाठीमागची भिंत झाकल्यावर. माइक निवेदकाकडे तोंड करून असतो, म्हणजे तो पाठीमागचीच भिंत ऐकतो, हे एका मुलीने स्वतः शोधून काढलं. मी सांगितलं नव्हतं.

खरेदीचा सल्ला: माइक मध्यम घ्या आणि वाचलेले पैसे केबल, स्टँड आणि हेडफोनमध्ये घाला. आमच्याकडे महिनाभर एकच हेडफोन होता. मिक्सरवाल्याने तो घातला की निवेदकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे.

१५ जुलै

सगळ्या ध्वनिमुद्रणांत खालच्या पट्टीतला एकसारखा गुणगुणाट येत होता. माइक बदलला, केबल बदलली, तरी तसाच. शेवटी एका मुलाने लॅपटॉपचा चार्जर काढला आणि आवाज थांबला. मिक्सर एका भिंतीच्या प्लगवर, लॅपटॉप दुसऱ्या, अर्थिंगच्या दोन वाटा झाल्या आणि विजेची गुणगुण त्यांच्यामधून आवाजात शिरली. दोन्ही यंत्रं एकाच एक्सटेन्शन बोर्डवर घेतली, मिक्सरपासून संगणकापर्यंत बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरणारी गुणगुण कापणारी) टाकली. प्रश्न संपला.

यात जवळजवळ आठवडा गेला. मात्र मुलं एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायला शिकली. त्याआधी ती माइक, केबल आणि सेटिंग एकदम बदलत होती, त्यामुळे फरक पडला तरी कशाने पडला ते कळत नव्हतं.

२२ जुलै

संहिता. वर्गात निबंध लिहिणाऱ्या मुलांना कानासाठी लिहिणं जड जातं. पहिल्या बातमीपत्रातलं वाक्य असं होतं: "ग्रंथालय समितीच्या बैठकीत घेण्यात आलेल्या निर्णयानुसार वाचन कक्षाच्या वेळेत वाढ करण्यात येणार असल्याचे सांगण्यात आले." वाचणाऱ्या मुलीचा श्वास 'निर्णयानुसार'पाशी संपला. तिने तीनदा प्रयत्न केला आणि कागद खाली ठेवला.

तिलाच विचारलं, हे मैत्रिणीला सांगायचं असतं तर काय म्हणाली असतीस? "वाचन कक्ष आता रात्री दहापर्यंत उघडा राहणार." तेच लिहिलं. कोणी ठरवलं, कुठे ठरवलं ते पुढच्या वाक्यात.

त्यातून निघालेले आमचे नियम: एका वाक्यात एकच गोष्ट. आकडा डोक्यात राहील असा, म्हणजे '४८.७ टक्के' ऐवजी 'जवळजवळ निम्मे'. नाव सांगण्याआधी तो माणूस कोण ते सांगायचं, कारण ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. कागद एका बाजूनेच छापायचा आणि टाचायचा नाही. पान उलटल्याचा आवाज माइकला बातमीइतकाच स्पष्ट ऐकू येतो. पूर्ण झालेलं पान अलगद बाजूला सरकवायचं. श्वासाच्या जागी पेन्सिलने तिरकी रेघ.

आमच्या मुलांचा सोयीचा वेग मिनिटाला ११० ते १२० शब्दांच्या आसपास पडतो. त्यावरून संहितेची लांबी आधीच काढतो. घड्याळ लावून मोठ्याने वाचल्याशिवाय संहिता मंजूर होत नाही.

१ ऑगस्ट

पहिलं थेट प्रसारण. सुरुवात उत्तम. मग एका गप्पांच्या कार्यक्रमात निवेदकाचा माइक मिक्सरवरून मुख्य मार्गावर गेलाच नाही. चॅनल फक्त हेडफोनला जोडलेला होता. खोलीतल्या सगळ्यांना आवाज ऐकू येत होता, दारापलीकडे शांतता. कार्यक्रम अर्ध्यावर आला तेव्हा वसतिगृहातून एक मुलगा धावत आला आणि म्हणाला, "काहीच येत नाहीये."

निवेदक मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आठवडाभर तयारी करत होता. त्याला तो कार्यक्रम दुसऱ्या दिवशी पुन्हा करू दिला, अगदी पहिल्या वाक्यापासून.

४ ऑगस्ट

कारणं शोधली. दोन होती.

पहिलं: खोलीतले सगळे मिक्सरमधून बाहेर पडणारा आवाज ऐकत होते, श्रोत्यापर्यंत पोचणारा कोणीच ऐकत नव्हतं. आता एक जुना मोबाइल दाराबाहेरच्या बाकावर, इअरफोन लावून, श्रोत्यासारखा प्रसारण ऐकत असतो. नोंदवहीवाल्याने दर दहा मिनिटांनी उठून तो कानाला लावायचा आणि वहीत खूण करायची. ज्या कामाला कोणी नाव दिलं नव्हतं ते काम आता सगळ्यात जबाबदारीचं झालं आहे.

दुसरं तांत्रिक आहे आणि बऱ्याच नव्या केंद्रांना भोवेल. आमचा सर्व्हर आइसकास्टवर चालतो, म्हणजे इंटरनेटवर आवाजाचा प्रवाह (स्ट्रीम) पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. त्यात राखीव प्रवाहाची सोय असते: मूळ प्रवाह तुटला की राखीव सुरू. ती लावलेली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण त्या दिवशी प्रवाह तुटलाच नव्हता. जोडणी शाबूत होती आणि तिच्यातून शांतता जात होती. सर्व्हरच्या लेखी शांतता हाही आवाजच. म्हणून सर्व्हरच्या आधी लिक्विडसोप हे सॉफ्टवेअर बसवलं. ठराविक सेकंद शांतता राहिली की ते आपण होऊन राखीव ध्वनिफीत लावतं. मर्यादा सुरुवातीला फार कमी ठेवली होती, तेव्हा कविता वाचताना घेतलेल्या विरामातच राखीव फीत सुरू झाली. वीस सेकंदांवर आणल्यावर ठीक चाललं.

१२ ऑगस्ट

इंटरनेटवरचा आवाज श्रोत्यापर्यंत उशिरा पोचतो, आमच्याकडे अर्ध्या मिनिटापर्यंत. त्यामुळे "आत्ता वाजले आहेत बरोबर पाच" हे वाक्य बंद केलं. फोनवरून बोलणाऱ्या श्रोत्याला आधीच सांगावं लागतं की रेडिओ बंद करा आणि फोनवरच ऐका, नाहीतर त्याला आपलंच मागचं वाक्य ऐकू येतं आणि तो बोलायचा थांबतो.

डेटा फार जातो अशी तक्रार आली. १२८ केबीपीएसने (सेकंदाला किती डेटा जातो त्याचं माप) तासाला सुमारे ५८ एमबी लागतात. बोलण्याच्या कार्यक्रमांसाठी मोनो (डाव्या-उजव्या कानाला एकच आवाज) आणि ६४ केबीपीएस केलं, निम्म्यावर आलं. बोलण्यात फरक कोणाच्या लक्षातही आला नाही.

२० ऑगस्ट

गाणी बंद केली. विकत घेतलेलं गाणं प्रसारित करण्याचा हक्क खरेदीसोबत मिळत नाही. गीतकार-संगीतकारांचे हक्क वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे, आणि इंटरनेटवर प्रसारण करणाऱ्यालाही दोन्ही सांभाळावे लागतात. परवान्याएवढे पैसे नाहीत. मुलांना वाटलं केंद्र आता कोरडं होणार. झालं उलटंच: संगीताची आवड असलेल्या मुलांनी केंद्राची धून स्वतः बांधली, आणि कॉलेजातले गाणारे, वाजवणारे येऊन मुद्रण करून देऊ लागले. प्रत्येकाकडून लेखी परवानगी घेतो. त्या कागदांची फाइल एका मुलीने इतकी नीट ठेवली आहे की मला त्यात काही बघावं लागत नाही.

९ सप्टेंबर

मुलाखती. रात्रपाळीच्या पहारेकरी काकांची मुलाखत दहा मिनिटांची ठरली होती, दीड मिनिटात आटोपली. प्रश्न असे होते: "तुम्हाला हे काम आवडतं का?" "हो." "कंटाळा येतो का?" "नाही." "विद्यार्थी चांगले वागतात का?" "वागतात की." मुलगी प्रश्नांचा कागद हातात घट्ट धरून पुढचा प्रश्न शोधत होती. काका मध्ये म्हणाले, "परीक्षेच्या दिवसांत तर रात्रभर दिवे असतात," आणि तिने विचारलं, "तुमची ड्युटी किती तासांची असते?" दिव्यांची गोष्ट तिथेच राहिली.

मुद्रण सगळ्यांनी मिळून ऐकलं. ती जागा आली तेव्हा कोणी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "इथे मी थांबायला हवं होतं."

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. या वेळी कागदावर फक्त तीन ओळी. पहिलाच प्रश्न: "काका, काल रात्री काय काय झालं ते सांगा ना." काका पंधरा मिनिटं बोलले. परीक्षेच्या रात्री एक मुलगा पायऱ्यांवर बसून रडत होता आणि काकांनी त्याच्याशेजारी बसून पहाट केली, हे त्यात आलं. मुलाची ओळख पटेल असं काही ठेवायचं नाही हे मुलीने स्वतः ठरवलं आणि दोन वाक्यं काढली. 'का', 'कसं', 'काय झालं' यांनी सुरू होणारे प्रश्न चालतात, 'हो-नाही'ने मिटणारे चालत नाहीत, हे मी वर्गात अनेकदा शिकवलं आहे. त्या मुलीला ते आता कायमचं येतं.

१८ सप्टेंबर

या वर्षातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच.

उपाहारगृहाच्या वेळेवर केलेल्या कार्यक्रमात एका शिक्षकांचं बोलणं वापरलं होतं. त्यांचं मूळ वाक्य: "आधी मला वाटायचं की मुलं तिथे उगाच वेळ घालवतात, पण हल्ली बघतो तर गटागटाने अभ्यासच चाललेला असतो." कार्यक्रम लांबला होता, म्हणून संपादन करणाऱ्या मुलाने 'पण'च्या आधी काप घातला. प्रसारणात गेलं: "मला वाटायचं की मुलं तिथे उगाच वेळ घालवतात." मूळचं 'आधी'सुद्धा गेलं होतं, कारण तिथे कोणीतरी खोकलं होतं.

शिक्षक रागावून आले. बरोबरच होतं. मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता की मी एकही शब्द बदलला नाही. तेही खरं होतं.

आम्ही सगळे संगणकासमोर बसलो. मूळ फीत आणि कापलेली फीत ओळीने वाजवली, दोनदा. मुलगा गप्प झाला. मग त्याने स्वतः जाऊन शिक्षकांची माफी मागितली, आणि पुढच्या प्रसारणात, कार्यक्रमाच्या त्याच वेळेला, पूर्ण वाक्य ऐकवून दुरुस्ती केली. दुरुस्तीचा मजकूर त्यानेच लिहिला. पहिल्या मसुद्यात 'तांत्रिक कारणामुळे' असे शब्द होते. तुकडीतल्या मुलीने ते खोडले आणि लिहिलं, 'आमच्या संपादनामुळे'. यावर त्यांचा वाद झाला. मी मध्ये पडले नाही. 'आमच्या' राहिलं.

तेव्हापासूनचे नियम: मूळ मुद्रण सत्र संपेपर्यंत पुसायचं नाही. 'पण', 'तरी', 'जर', 'आधी', 'कधीकधी' हे शब्द कापाच्या जवळ असतील तर तुकडीतल्या दुसऱ्या कोणीतरी मूळ फीत ऐकायची आणि वहीत सही करायची. लांबी कमी करायची असेल तर पूर्ण मुद्दा काढायचा, मुद्द्याचा अर्धा भाग नाही.

हीच मुलं आता मोबाइलवर आलेली पंधरा सेकंदांची चित्रफीत पाहून विचारतात, "याच्या आधी काय म्हणाला असेल?" माझ्या मते या केंद्रावर झालेला सगळा खर्च एवढ्यासाठीही वसूल आहे.

२६ सप्टेंबर

एक कार्यक्रम हळू, दुसरा कानठळ्या बसवणारा. आता प्रत्येक फाइल ऑडॅसिटी या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उणे १६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आणूनच साठवायची. तिथे आपोआप उणे २३ हा आकडा येतो, तो बदलायला विसरू नका. गोंगाट काढण्याची सोय जपून वापरा. जास्त लावली की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. मुद्रणाआधी रिकाम्या जागेचा मिनिटभर आवाज घेऊन ठेवायचा, काप जोडताना उपयोगी पडतो.

फाइलचं नाव: वर्ष, महिना, दिवस, कार्यक्रम, संपादक. या क्रमानेच.

१४ ऑक्टोबर

परीक्षा जवळ आल्या आणि वेळापत्रक कोसळलं. रोज दोन तास हे आमच्या आवाक्याबाहेरचंच होतं. चांगल्या दिवसांतही मुलं रात्री उशिरापर्यंत थांबत होती. आता आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. ऐकणाऱ्यांची संख्या घटली नाही. कमी करा, पण ठरलेल्या वेळी कराच. एक मुलगी अभ्यासात मागे पडत होती, तिला मी सत्रभर सुट्टी दिली. ती परत आली. न सांगता गळालेले दोघे मात्र परतले नाहीत. थांबायची मोकळीक आधीच जाहीर करायला हवी.

१९ जानेवारी

श्रोते किती, हा प्रश्न मुलांना खात होता. सर्व्हरवर कधी सात, कधी बारा, त्यातले काही आपलेच. "कोणीच ऐकत नाही तर कशाला?" असं बैठकीत उघडपणे आलं.

मग दृष्टिबाधित असलेला एक विद्यार्थी केंद्रावर आला आणि म्हणाला, अर्थशास्त्राच्या टिपणांचा कार्यक्रम करता का, मला दर वेळी वाचून दाखवायला कोणी शोधावं लागतं. शिक्षकांनी स्वतःची टिपणं वापरायची परवानगी दिली. पुस्तकं घेतली नाहीत. २०१३ च्या मराकेश करारानुसार दृष्टिबाधितांसाठी वाचनसुलभ प्रती करायला सवलत आहे, पण ती त्यांच्यापुरती. सर्वांसाठी खुल्या प्रसारणाला ती लागू होत नाही.

वाचन सोपं वाटलं होतं. पहिल्याच पानावर मागणी-पुरवठ्याची आकृती आली. निवेदक म्हणाला, "आकृतीत दाखवल्याप्रमाणे..." आणि थांबला. त्या दिवशी अर्धा तास एकाच आकृतीवर गेला. शेवटी जमलं ते असं: "आडव्या रेषेवर नग, उभ्या रेषेवर किंमत. मागणीची रेघ डावीकडे वरून निघते आणि उजवीकडे खाली उतरते, म्हणजे किंमत कमी होत जाते तसे लोक जास्त घेतात. पुरवठ्याची रेघ डावीकडे खालून वर चढते. दोघी जिथे भेटतात तिथली किंमत बाजारात टिकते." ज्याच्यासाठी केलं तो समोर बसून ऐकत होता, त्याला कळेपर्यंत वाक्यं बदलत राहिली. निवेदक वाणिज्य शाखेचाच. बाहेर येऊन म्हणाला, आकृती दोन वर्षं काढतोय, पण कळली आज.

आता या कार्यक्रमाला वर्गातली इतर मुलंही येतात, परीक्षेआधी तर जास्तच. श्रोत्यांच्या संख्येचा विषय बैठकीत पुन्हा निघाला नाही.

८ मार्च

नव्या मुलांकडे सोपवणं सुरू. अंतिम वर्षाच्या मुलांनी लिहिलेली पुस्तिका सुंदर होती, पण नव्या मुलाला ती घेऊन एकट्याने केंद्र सुरू करता आलं नाही. 'नेहमीप्रमाणे मिक्सर लावा' हे वाक्य त्याच्यासाठी निरुपयोगी होतं. आता उलट पद्धत: नवा मुलगा करतो, जुना मागे हात बांधून उभा राहतो आणि जिथे त्याला बोलावंसं वाटेल ती जागा लिहून घेतो. त्या जागांतून नवी पुस्तिका तयार झाली. पहिलीच्या निम्म्याने लहान आहे आणि तिच्यात प्रत्येक बटणाचा फोटो आहे.

सर्व्हरचे पासवर्ड एकाच मुलाकडे होते, ते आता विभागाच्या कपाटात सीलबंद पाकिटात आहेत. हे पहिल्या महिन्यात करा.

२२ मार्च

पहिल्या वर्षाच्या तुकडीने अर्धा तास पूर्णपणे एकट्याने चालवला. नवव्या मिनिटाला फोनवरचा पाहुणा तुटला. निवेदिकेने राखीव म्हणून ठेवलेली दोन मिनिटांची माहिती वाचायला घेतली, तेवढ्यात मिक्सरवाल्याने पुन्हा फोन जोडला. नोंदवहीत एवढंच आहे: "५.०९ फोन तुटला. ५.११ जोडला. बाकी ठीक."

पुढची कामं: मैदानावरून थेट प्रसारणासाठी दुसरा रेकॉर्डर आणि वारा अडवणारं माइकचं आवरण घ्यायचं आहे. मूळ मुद्रणांची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवण्याबद्दल ग्रंथपालांशी बोलणं झालं आहे, जागेचा अंदाज द्यायचा आहे. एक तास मोनो मुद्रण, न दाबलेलं (अनकॉम्प्रेस्ड), ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट या दर्जाला साधारण ३१८ एमबी घेतं. त्यावरून हिशेब मांडायला नव्या तुकडीला सांगितलं आहे.